लिफ्टवाले काका आणि टाकीवरचा फोम

आमच्या लालबागच्या चाळीत अमेरिकेच्या अवकाशयानाच्या इंधनटाकीची काळजी करणारा एकच माणूस होता, आणि तो लिफ्टमन होता. बाकीच्यांना गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की नाही एवढीच काळजी. काकांना मात्र त्या टाकीवरचा फोम का पडतो हे कळल्याशिवाय जेवण जात नव्हतं. अतिशयोक्ती करत नाहीये मी. त्यांची आमटी निवून जायची आणि माझी आई त्यांच्यावर करवादायची.

काका आमच्या समोरच्या खोलीत एकटे राहायचे. मूळचे साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे. संपात गिरणी गेली, ती गेलीच. परत कामावर घेतलेल्यांत त्यांचा नंबर लागला नाही. बायको संपातच वारली, मी तेव्हा पाळण्यात होते. मुलगा दिलीप, म्हणजे दिल्या, माझ्याहून मोठा, तो मामाकडे वाढला आणि पुढे बदलापूरला गेला. काका काही वर्षं मिळेल ते करत राहिले आणि शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं गिरगावातल्या एका जुन्या ऑफिसांच्या इमारतीत लिफ्टवर चिकटले. सात मजले, जाळीचा दरवाजा, पितळी दांडा आणि एक स्टूल.

"साचा आडवा चालायचा, ही उभी चालते, एवढाच फरक," असं ते म्हणायचे. काही नाही, थापा. खरा फरक मला नंतर कळला. साचा खात्यात इतका आवाज असायचा की शेजारच्याशी बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागायच्या. अख्खी तरुणपणाची वर्षं हा माणूस तोंड मिटून उभा होता आणि डोक्यात प्रश्न साठवत होता. लिफ्टमध्ये त्याला शांतता मिळाली. वर माणसंही मिळाली, शिकलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली आणि मजला येईपर्यंत पळून जाऊ न शकणारी.

मग काय विचारता! काकांनी उभं गिरगाव बेजार केलं.

त्यांची एक रीत होती. दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्याला ते हो-नाहीचा प्रश्न विचारायचे. "साहेब, मासा झोपतो का?" चौथ्या मजल्यावाल्याला जरा मोठा. सातव्या मजल्यावाल्याला 'का'चा प्रश्न, कारण 'का'ला वेळ लागतो. कुणी "असंच असतं ते" म्हणालं की काका त्याच्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. "माहीत नाही" म्हटलं तर मात्र खूश. "बघा, आपण दोघे सारखे," म्हणायचे आणि अदबीनं दरवाजा उघडायचे. उत्तर बरोबर आहे की चूक, याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. कांदा चिरताना पाणी का येतं याची त्यांच्याकडे पाच उत्तरं होती. ती पाचही ते संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत मांडायचे आणि आमच्याकडून हात वर करून घ्यायचे. बहुमतानं जे ठरेल ते त्या आठवड्याचं खरं. आई म्हणायची, "एवढी अक्कल आहे तर कांदा चिरून द्या की." मग तेही करायचे बिचारे, डोळे पुसत.

२००३ साली ते अमेरिकेचं यान अवकाशातून परत येताना घराच्या दाराशी तुटलं. त्यात आपल्याकडची एक मुलगी होती. चाळीत सुतक असल्यासारखं झालं होतं. आमच्या मजल्यावरच्या बायका टीव्हीसमोर बसून रडत होत्या. ज्यांनी कधी विमानाची पायरी चढली नव्हती त्यासुद्धा "दारात आली होती गो पोर" म्हणून पदर डोळ्यांना लावत होत्या. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि दादरला एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर होते. मीही रडले. काका रडले नाहीत. ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "पण कशामुळे?"

हळूहळू पेपरात यायला लागलं. यान उडालं तेव्हाच त्याला जोडलेल्या मोठ्या केशरी टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. जाताना काही जाणवलं नाही. येताना पंखाला पडलेल्या भोकातून आग आत शिरली. चाळीत कुणाचा विश्वास बसेना. गादीवाल्याकडे मिळतो तो फोम! त्यानं यान फुटतं? माझे बाबा तर हसायलाच लागले. "अरे, मग आमची गादी डोक्यात पडली तर मी मेलो पाहिजे," म्हणाले.

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये एकच विषय.

पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्याच्या वकिलांकडून आलं, आणि ते साफ चुकीचं होतं. मग सहाव्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरांचा पत्ता लागला. म्हैसूरकडचे, मोठमोठ्या शीतगृहांची कामं घेणारे. त्यांचा रोजचा धंदाच थंडी कोंडून ठेवायचा. त्यांनी रोज सहा मजल्यांपुरतं असं सांगायला सुरुवात केली आणि काका रोज संध्याकाळी तो हप्ता आमच्यापर्यंत पोचवायला लागले. टाकीत भरतात ते इंधन इतकं थंड असतं की उघड्या टाकीवर हवेतलं पाणी गोठून बर्फाचे पापुद्रे धरतील. उडताना ते पापुद्रे सुटून यानावर आदळतील. ते होऊ नये म्हणून टाकीला फोमचं जाकीट घालतात.

"म्हणजे बर्फ पडू नये म्हणून फोम लावला," काका गॅलरीत उभे राहून म्हणाले, "आणि आता फोमच पडतो! काय गंमत आहे बघा!" त्यांचा चेहरा एवढा फुलला होता, जणू फोम त्यांनीच लावला होता.

फोम का सुटतो, हा पुढचा प्रश्न. फोम फवारताना आत कुठे कुठे हवेच्या पोकळ्या राहतात. यान वर जाताना बाहेरची हवा विरळ होते, आतली कोंडलेली हवा ढकलते आणि तुकडा उडतो. हे काकांना पटेना. त्यांनी दूध आणायच्या आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीत बर्फ आणि मीठ भरलं, बाहेरून फोम गुंडाळला, सुतळी बांधली आणि किटली गॅलरीत ठेवून समोर बसले. अख्खा मजला बघायला जमला. तासभर काहीही झालं नाही. मग आईला किटली हवी झाली आणि प्रयोग बंद पडला. "आमच्याकडे वर जाण्याची सोय नाही, म्हणून पडला नाही," असा निष्कर्ष काकांनी काढला.

पण एवढासा हलका तुकडा पंख फोडतो कसा, हे कुणालाच पटत नव्हतं. त्याच प्रश्नापायी तो गाजलेला प्रसंग झाला. इंजिनिअरसाहेब लिफ्टमध्ये सांगायला लागले होते आणि सोबत सातव्या मजल्यावरचे एक शेठ होते, तापट. साहेब म्हणाले, "सुटलेल्या तुकड्याला हवा लगेच अडवते. तो जागच्या जागी रेंगाळतो. पण मागून यान येतंच आहे, आणि क्षणाक्षणाला वेग वाढवत येतं आहे. तुकडा यानावर आपटला असं कशाला म्हणायचं? यानच त्याच्यावर जाऊन आपटलं." एवढ्यात पाचवा मजला गेला. सहावा आला की उत्तर तुटणार. काकांनी दांडा फिरवला आणि लिफ्ट पाच आणि सहाच्या मधे उभी केली.

शेठ ओरडायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "शेठ, दोन मिनिटं. एकदा नीट समजू दे." आणि गंमत म्हणजे ते इंजिनिअरसाहेबही शेठना म्हणाले, "रुकिये ना, असली बात तो अब आएगी." दोघांनी भिंतीवर बोटांनी आकृत्या काढल्या म्हणे. काकांना त्याबद्दल मेमो मिळाला. तो त्यांनी आम्हाला कौतुकानं दाखवला.

मला ते कळलं ते माझ्या मैत्रिणीच्या स्कूटीवर. परळच्या पुलावरून सुसाट निघालो होतो आणि समोरून आलेला एक भुंगा कपाळावर असा बसला की मी आई गं करून ओरडले. टेंगूळच आलं. काका ते टेंगूळ बघून आनंदानं म्हणाले, "हा बघा, पुरावा!" माणूस आहे की कोण!

एवढी सगळी उत्तरं मिळाली, पण एका प्रश्नाचं उत्तर त्यांना कुठल्याच मजल्यावर मिळालं नाही. पेपरात आलं होतं की तुकडा आदळताना चित्रफितीत दिसला होता, आणि ती चित्रफीत जमिनीवरच्यांनी यान वर असतानाच पाहिली होती. फोम आधीच्या फेऱ्यांतही पडायचा. काही बिघडलं नाही म्हणून सगळ्यांना त्याची सवय झाली होती. वरच्या माणसांना जमिनीवरून निरोप गेला तो एवढाच, की काळजीचं कारण नाही. काकांनी हे दोनदा वाचलं. मग गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले, "आत बसलेल्यांना खरं कोणी सांगितलं का?"

"सांगून काय फायदा होता?" बाबा म्हणाले. "वाचवता थोडेच आले असते?"

"ते वेगळं. सांगितलं का, एवढंच विचारतोय मी."

"उगाच घाबरले असते ना, काका."

"घाबरू देत की! घाबरायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं." आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. काका असे कधी चिडायचे नाहीत. म्हातारपण, दुसरं काय, असं आम्हाला वाटलं.

मग गणपती आले. आणि मंडळानं देखावा काय ठरवावा? तेच यान! त्या वर्षी यानातल्या आपल्या मुलीच्या आठवणीत देखावा करायचा, हे सगळ्यांनीच उचलून धरलं. नुसती चित्रं लावून लालबागमध्ये कोण विचारतो? सजावट बघायचा सुन्या, तो म्हणाला, यान खरंच वर गेलं पाहिजे. लोखंडी सांगाडा, त्यावर बांबू आणि थर्माकोल, टाकीवर केशरी रंगवलेला गादीचा फोम, आणि हे सगळं चेनपुलीनं वर, पार दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत. आत एक जिवंत मुलगी. चंदेरी कपड्यात. हात हलवणारी.

ती मुलगी मी. वजनानं हलकी आणि तोंडानं जड म्हणून माझी निवड झाली, असं सुन्या म्हणायचा. म्हणू दे. मला विचाराल तर मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते. दिवसभर काउंटरवर लोकांची पाकिटं चिकटवायची आणि संध्याकाळी सात वाजता चंदेरी सूट घालून धुरातून वर जायचं. सूट गाडीच्या कव्हरच्या कापडाचा होता, आत घामाच्या धारा. पण वरून जे दिसायचं ना! सगळी गल्ली, माणसांची डोकी, रोषणाई, आणि समोर बरोबर बाप्पाचा चेहरा, अगदी डोळ्याला डोळा. खालून इतक्या जवळ तो कुणालाच दिसत नाही. रोज चार-पाच खेळ व्हायचे. मला ते संपूच नयेत असं वाटायचं.

पहिल्याच खेळाला टाकीवरचा फोम पडला. चेनला हिसका बसला आणि तीन-चार तुकडे खाली गर्दीत गेले. मला वाटलं सुन्याची आता काशी होणार. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या! खऱ्या टाकीचा फोम पडतो हे आता सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं ना, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय. "एकदम रिअल!" सुन्या छाती फुगवून सांगायला लागला. दुसऱ्या दिवसापासून तर आया-बाया ते तुकडे कपाळाला लावून पदरात बांधायला लागल्या. बाप्पाच्या समोर पडलेलं, म्हणजे प्रसादच. आता ह्याला काय म्हणायचं? पोरं तुकड्यांसाठी मारामाऱ्या करायची आणि तुकडे पडले नाहीत तर लोक हिरमुसायचे.

काका रोज कामावरून आले की तडक मंडपात. घडीची खुर्ची टाकून मांडवाच्या कडेला बसायचे. पोरांकडून तुकडे मागून घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे, वास घ्यायचे, परत द्यायचे. अध्यक्षांनी वैतागून विचारलं, "काका, बाप्पाकडे कधी बघणार?"

"बाप्पा जागेवर आहे. हलतंय ते बघतोय," काका म्हणाले.

सहाव्या दिवशी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. आमच्या मंडळाला कधी बक्षीस मिळालं नव्हतं, आणि यंदा मिळणार हे सगळी गल्ली धरून चालली होती. मी पडद्यामागे सूट चढवत होते. काका आत आले. एरवी ते तिकडे यायचे नाहीत.

"गो बाय, एक सांगायचं आहे. आधी ऐकून घे, मग माझ्या नावानं बोंब मार."

त्यांच्या हातात फोमचे दोन तुकडे होते. एका बाजूनं केशरी. दुसऱ्या बाजूला तांबडा रंग लागलेला, लोखंडाला गंजू नये म्हणून लावतात तो.

"आजवर नुसता फोम पडत होता," ते म्हणाले. "कालपासून हे दोन असे पडले. दोन्ही एकाच जागचे, वर चेन अडकवायची कडी जोडली आहे तिथले. लोखंडाचा रंगही सोबत सुटतोय."

त्यांनी तुकडे माझ्या हातात ठेवले. "म्हणजे कडी तुटणार?"

"माका म्हायत नाय."

"मग कशाला सांगताय?"

"म्हायत नाय म्हणूनच सांगतोय. म्हायत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? चेनच बांधून टाकली असती."

"अध्यक्षांना सांगा की!"

"सांगितलं. ते म्हणाले, विसर्जनापर्यंत टिकेल. आणि म्हणाले, पोरीला सांगू नका, घाबरेल."

मी घाबरले, खरंच घाबरले, आणि त्याहून जास्त चिडले. अध्यक्षांवर नाही, काकांवर! पाच दिवस मी सुखानं वर जात होते. बाहेर परीक्षक येऊन बसले होते, आणि हा म्हातारा येऊन माझ्या हातात दोन तुकडे ठेवतो आणि म्हणतो माहीत नाही. "काका, तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही का?" मी म्हटलं. "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

काका खाली बसले, बॅटऱ्यांच्या खोक्यावर. आणि जे त्यांनी चाळीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

संपात काकी आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, सहा महिने. मग मेहुणा, मावशी, सगळे बसले आणि ठरलं, तिला सांगायचं नाही, धसका घेईल. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. काकीला गावाला जायचं होतं, आईला भेटायला. रोज म्हणायची, "संप मिटलो काय आयेक बघूक जाऊया." आणि काका म्हणायचे, जाऊया. "संप मिटणार नाही हे मला कळत होतं. तिला वेळ नाही हेही कळत होतं. पहिले दोन महिने तिला एसटीचा प्रवास झेपला असता गो. खरं कळलं असतं तर ती संपासाठी थांबली नसती, दुसऱ्या दिवशी गेली असती. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी खिडकीकडे बघायचो. आईला न भेटता गेली. म्हातारी तिच्यामागे आठ वर्षं जगली. दर खेपेला मला विचारायची, एकदा आणली का नाहीस?"

बाहेर माइकवर माझ्या यानाची माहिती सुरू झाली होती.

"म्हणून सांगितलं," काका उठत म्हणाले. "वर तू बसणार. जा म्हणत नाही, नको जाऊ म्हणत नाही. तू ठरव."

मी मागच्या बाजूनं सुन्याकडे गेले आणि म्हटलं, "फोम काप. कडी दाखव. मग चढते."

"आत्ता? परीक्षक बसलेत समोर! डोक्यावर पडलीस काय?"

"पडणार आहे की नाही तेच बघायचंय. काप."

सुन्यानं हात जोडले, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. मी हलले नाही. शेवटी तो कटर घेऊन शिडीवर चढला. ध्वनिफीत कुणाला बंद करता येईना, ती आपली चालूच. दहा, नऊ, आठ... शून्य! धडाम् आवाज झाला, धूर आला, आणि यान जागच्या जागी. धुरात शिडीवर सुन्या, हातात कटर. गर्दी पोट धरधरून हसली. परीक्षकांना अजून बरीच मंडळं बघायची होती. ते थोडा वेळ थांबले, घड्याळाकडे पाहिलं आणि गेले.

आणि कडी? कडी धडधाकट होती! जोड एकदम पक्का. सांगाड्यावरचा तांबडा रंग ओला असतानाच सुन्यानं तिथे फोम चिकटवला होता, म्हणून निघताना तो रंग घेऊन निघत होता. बस, एवढंच. बक्षीस गेलं. गल्लीत महिनाभर काकांचं नाव काढलं की लोक हात जोडायचे, आणि मला तर "घाबरट अंतराळवीर" हे नाव लग्नापर्यंत पुरलं.

काकांना शरम वाटावी की नाही? छे! ते शिडीखाली उभे राहून एकसारखे वर बघत होते. "धड आहे! धड आहे गो! ओला रंग! हे माझ्या ध्यानातच आलं नाही!" असं म्हणत होते, लॉटरी लागल्यासारखे. नव्या फोमचा पट्टा बांधून झाल्यावर सुन्यानं मला तोंड वाकडं करून विचारलं, "आता तरी चढणार का, बाईसाहेब?" मी चढले. विसर्जनापर्यंत रोज चढले. रोज चढायच्या आधी मी स्वतः ती कडी हातानं हलवून बघायची. सुन्याला राग यायचा, येऊ दे. त्याआधी मी नुसती वर नेली जात होते. आता जात होते. हा फरक सांगून कळणार नाही कुणाला.

पुढे माझं लग्न झालं, मी प्रभादेवीला गेले. चाळ पाडायला काढली तसे काका दिल्याकडे बदलापूरला गेले. लिफ्ट कधीच सुटली होती, प्रश्न सुटले नव्हते. तिथल्या रिक्षावाल्यांना प्रश्न विचारून पळवून लावत असत म्हणे. मग एके दिवशी आईचा फोन आला की काकांना परळला इस्पितळात आणलंय.

मी डबा घेऊन गेले. दिल्यानं मला वॉर्डच्या बाहेरच गाठलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. त्यानं मला आजाराचं नाव, तो किती पसरलाय आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि लगेच बोट ओठांवर ठेवलं. "त्यांना अल्सर सांगितलंय. सगळ्यांनी तेच सांगायचं. तू काही बोलू नकोस हां. धसका घेतील."

आत पाचसहा नातेवाईक खाटेभोवती उभे राहून मोठमोठ्यानं हसत होते. काका उशीला टेकून बसले होते आणि हसणाऱ्यांकडे पाहून आपणही हसत होते. डॉक्टर आले, तपासून गेले. काका गप्प. नर्स नळी बदलून गेली. काका गप्प. नळीत काय आहे, कुठून कुठे जातं, ह्या माणसानं विचारलं नाही! ज्यानं मासा झोपतो का म्हणून उभं गिरगाव हैराण केलं, तो स्वतःच्या नळीबद्दल एक शब्द काढत नव्हता.

भेटीची वेळ संपत आली, माणसं पांगली. दिल्या औषधं आणायला खाली गेला. मी स्टूल ओढून जवळ बसले. "काका, डॉक्टरांना काही विचारत का नाही तुम्ही?"

ते थोडा वेळ चादरीची सुतं ओढत राहिले. "विचारलं की दिल्याकडे वळतात ते. मग त्याला खोटं बोलायला लागतं. ते कसं असतं मला म्हायत आहे गो. नको त्याला."

मला रडू फुटलं. दिल्याचा राग आला, काकांचा आला, अख्ख्या जगाचा आला. पण मला हेही कळत होतं की दिल्याला मी हो म्हणून आत आले होते. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "काका, मला माहीत आहे. सांगू?"

त्यांनी चादर सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. किती पसरलंय ते सांगितलं, डॉक्टरांनी दिल्याला काय सांगितलं तेही. काका ऐकत होते. घाबरले, नाही असं नाही. मी त्यांचा हात धरला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "पण त्यांना आतलं दिसलं कसं?" मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कुठपासून सुरू झालं?" "मला माहीत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याच्या पुढचा. त्यांचा चेहरा मला हळूहळू ओळखीचा वाटायला लागला.

दिल्या औषधांची पिशवी घेऊन पडद्याशी आला आणि आमच्याकडे पाहताच थबकला. त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी वेळ असती तर मी पळाले असते.

"तिला बोलू नकोस, मीच सांगायला लावलं," काका म्हणाले. "ये, बस इथे. मला सगळं कळलंय, बाळा. आता माझ्यापुढे हसत उभं राहायला नको. किती दिवस एकटा वाहतोयस?"

दिल्याच्या हातातली पिशवी तशीच खाली पडली. चाळिशी उलटलेला तो बाप्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. काका त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले, आणि त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी मला पडदा ओढून घ्यायची खूण केली.